एकविसावं पान

नावनोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या ओढणीला एकवीस आकड्याचा बिल्ला लावला, हातात एक पातळ पुस्तिका ठेवली आणि म्हणाल्या, "काय लिहिलंयस गं! मी तर वाचताना रडले." मी हसले. आपण काय लिहिलंय तेच मला आठवेना. बिल्ल्यावरचाच आकडा पानाचा असणार म्हणून एकविसावं पान काढलं.

शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत दिलेला निबंध तिथे छापला होता. अख्खा, माझ्या फोटोसकट.

विद्यापीठाचा तो पहिला दिवस. शिष्यवृत्ती मिळालेल्या आम्हा चोवीस जणांचं स्वागत होतं, पालकांना खास आमंत्रण होतं. आईला कामावरून रजा मिळाली नाही, म्हणून बाबा आले होते. ठेवणीतला शर्ट, पॉलिश केलेले बूट. त्या क्षणी ते दारापाशी पाणी पीत होते, आणि पाणी पिऊन झालं की ते पुस्तिका मागणार हे मला पक्कं माहीत होतं. समोर छापलेलं काही आलं की ते वाचल्याशिवाय बाबांना चैन पडत नाही. बाबा बाइंडर आहेत. छापखान्यांतून छापील कागदांचे गठ्ठे ते काम करतात त्या दुकानात येतात आणि पुस्तकं होऊन बाहेर पडतात. घड्या घालता घालता ते मजकूर वाचत बसतात, म्हणून मालकाच्या शिव्याही खातात.

आणि एकविसाव्या पानावर मी लिहिलं होतं: "माझे वडील मोलमजुरी करतात. मुलीनं शिकू नये असं त्यांचं ठाम मत होतं. दहावीच्या परीक्षेला महिना उरला असताना त्यांनी माझी सगळी पुस्तकं माझ्यादेखत फाडली. मी ती पानं गोळा केली, चिकटवली आणि त्यांतूनच अभ्यास केला."

यातलं एक अक्षर खरं नाही. खरं होतं ते पहिल्या निबंधात होतं. बाबा उरल्यासुरल्या कागदांच्या वह्या शिवून द्यायचे, जुनी पुस्तकं आणून त्यांना नवे पुठ्ठे घालायचे. कोणता कागद कितव्या घडीला तुटतो, या माझ्या ज्या प्रयोगाला राज्यभरातून पहिलं बक्षीस मिळालं, तो प्रयोग त्यांच्याच दुकानातल्या कात्रणांवर झाला होता. शाळेतल्या सरांनी तो निबंध वाचला आणि नाक मुरडलं. "यात अडचण कुठाय? एवढा गुणी बाप असेल तर तुला शिष्यवृत्ती कशाला देतील? जरा काहीतरी झोंबेल असं घाल की." मी घरी गेले आणि दहा मिनिटांत झोंबेल असं घातलं. सगळं खापर सरांवर फोडून मोकळी होणार नाही मी. वाक्यं माझी होती. लिहिताना मजासुद्धा आली होती.

"ठिणगे, पुस्तक दे की बघू," बाबा मागून म्हणाले. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो म्हणून लहानपणापासून मी त्यांची ठिणगी. मी पुस्तिका पाठीमागे धरली.

"नंतर बघा. आधी जागा पकडू. पुढच्या रांगा भरतील."

आत गेलो तर प्रत्येक खुर्चीवर एकेक पुस्तिका मांडून ठेवलेली! बाबांच्या खुर्चीवरची मी झडप घालून उचलली. माझीही हातात होतीच. "बाथरूमला जाऊन येते," म्हणाले.

"पुस्तकं घेऊन?"

"हो! तिथे वाचते मी!" माझा आवाज इतका चढला की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

बाथरूममध्ये कडी लावली आणि एक पुस्तिका उघडली. सबंध पुस्तिका पळवली असती तर त्यांनी दुसरी मागितली असती. एक पान नसलं तर कुणाला काय कळणार आहे? घडीपाशी बोट दाबून धरलं आणि एकविसावं पान सावकाश खाली ओढलं. सरळ निघालं. त्याच पानाच्या मागे, बाविसाव्यावर, एका पोहणाऱ्या मुलीचा निबंध होता. तोही सोबत आला, आणि खरं सांगते, त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. पानाची चौपदरी घडी करून ओढणीच्या गाठीत बांधली. आरशात तोंड पाहिलं नाही.

परत आले आणि पुस्तिका बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही. आधी तळहातावर ठेवली, जशी ते दुकानात प्रत्येक वही ठेवतात तशी. मग अंगठा कडेवरून फिरवला. पुस्तिकेतून एक पान अलगद घसरलं आणि फरशीवर पडलं.

मी तर एकच पान फाडलं होतं!

बाबांनी वाकून पान उचललं. अकरा आणि बारा. बाराव्यावर आमच्यातल्या चष्मेवाल्या गणितवीराचा फोटो होता, तो स्वतः दोन खुर्च्या सोडून नखं कुरतडत बसला होता. बाबांनी पान जागच्या जागी सरकवलं, पुस्तिका डोळ्यांजवळ नेऊन मधल्या पिना पाहिल्या.

"पान गेलंय यातलं," ते म्हणाले.

"छापतानाच राहिलं असेल."

"हं." त्यांनी पुस्तिका मिटली आणि शर्टाच्या खिशाला टेकवून दोन्ही हातांनी धरून ठेवली. पुढे काहीच विचारलं नाही. मला वाटलं, सुटले. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव मी केव्हाच पाहून घेतलं होतं, ओळखीचं नव्हतं. म्हणजे त्यांच्यापर्यंत हे जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्या नावाखाली शिष्यवृत्तीचे नियम होते. नववा मला पाठ होता: अर्जातली कोणतीही माहिती खोटी आढळल्यास शिष्यवृत्ती तात्काळ रद्द.

कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं होती तेवढ्यात अध्यक्षबाई व्यासपीठावरून उतरल्या. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या त्या प्रमुख. पांढरे केस, हातात काठी, पण चाल अशी की रांगेतले लोक आपोआप पाय आखडून घेत होते. त्या एकेका बिल्ल्याचा आकडा वाचत आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

"एकवीस! तूच का ती?" मग बाबांकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं. "आणि हे?"

"वडील," मी म्हणाले.

"तुम्हीच का ते? पुस्तकं फाडणारे?"

आजूबाजूच्या माना वळल्या. मी ओढणीची गाठ मुठीत आवळली. बाबा आता म्हणणार, कुठली पुस्तकं? कोण फाडणारे? मग सगळं संपेल. शिष्यवृत्ती जाईल, आणि त्याच्याही आधी ते माझ्याकडे पाहतील. त्या पाहण्याची मला जास्त भीती वाटत होती.

बाबा उठून उभे राहिले. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"हो बाई. मीच तो."

"आता काय वाटतं?"

"लाज वाटते."

अध्यक्षबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हे सगळ्यांसमोर सांगाल? असे आणखी बाप असतील हो. त्यांनी ऐकायला हवं." बाबा क्षणभर घुटमळले आणि मग त्यांच्यामागून व्यासपीठाकडे चालू लागले. मला त्यांचा शर्ट धरून मागे खेचायचं होतं. मी खुर्चीला खिळून बसले. कशी बसले असेन, कुणास ठाऊक.

माइकसमोर बाबा आधी खोकले. लग्नाकार्यातसुद्धा कधी चार शब्द न बोललेला माणूस तो.

"मी मोलमजुरी करतो," ते म्हणाले. "मुलगी शिकू नये असं वाटायचं. अडाणीपणा, दुसरं काय. दहावीला होती तेव्हा तिची पुस्तकं फाडली मी. गणिताचं, इतिहासाचं. भूगोलाचं जाड होतं. फाटता फाटत नव्हतं." त्यांनी हात पुढे केले आणि ते जाड पुस्तक फाडून दाखवल्यासारखं केलं. "तिनं ती पानं चिकटवली. शिकली. मला माफ करा."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. गणितवीराची आई डोळे पुसत होती. मला मात्र त्या हातांखेरीज काही दिसत नव्हतं. भूगोलाचं ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. त्याला बाबांनी हिरवं कापड लावलंय. आणि मोलमजुरी हा शब्द, पानं चिकटवल्याची गोष्ट, यातलं काहीच अध्यक्षबाई बोलल्या नव्हत्या. ते फक्त एकविसाव्या पानावर होतं. बाबांनी ते वाचलं होतं.

बाबा खाली येऊन बसले. कपाळावर घाम होता. "कधी वाचलंत?" मी कुजबुजले.

"चार दिवसांपूर्वी. छापून आमच्याच दुकानात आलं ना पिना मारायला. साडेचारशे प्रती." त्यांची नजर समोरच होती. "तू सांगशील म्हणून थांबलो. आता गप्प बस. नववा नियम वाचलाय मी."

इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती. साडेचारशे वेळा तो कागद त्यांच्या हाताखालून गेला होता, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन ते माझ्यासमोर जेवले होते.

आमच्यातल्या प्रत्येकानं वर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. एकेक आकडा पुकारला जात होता. अठरा. एकोणीस. वीस आकड्याचा मुलगा दोन वाक्यांत तीनदा अडखळला, लोक प्रेमानं हसले. "एकवीस," अध्यक्षबाई म्हणाल्या. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "आभार मान आणि खाली ये," ते दातांमधून म्हणाले. "ठिणगे, ऐक माझं."

मी हात सोडवून घेतला.

माइकसमोर गेले, ओढणीची गाठ सोडली आणि घडी केलेलं पान वर धरलं. "माझ्या बाबांनी आयुष्यात एकही पान फाडलेलं नाही," मी म्हणाले. "ते बाइंडर आहेत. तुमच्या हातातलं हे पुस्तकसुद्धा त्यांनीच बांधलंय. मी निबंधात खोटं लिहिलं, आणि ते आत्ता तुमच्यासमोर खोटं बोलले ते मला वाचवायला. पान फाडलं ते मी. तासभरसुद्धा झाला नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. पुस्तिका उलटसुलट केल्याचा आवाज तेवढा आला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "खाली बस," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम झाला की माझ्या खोलीत ये." मग त्यांनी बावीस पुकारलं.

खोलीत फार वेळ लागला नाही. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. समितीनं पुढे काय ठरवलं ते इथेच सांगून टाकते. त्या वर्षाची शिष्यवृत्ती रद्द केली, पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करायची मुभा दिली. ते वर्षभर मी सकाळी विद्यापीठात जायचे आणि दुपारपासून बाबांच्या दुकानात घड्या घालायचे. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आले तेव्हा बाबा इमारतीच्या पायऱ्यांवर बसले होते. मला पाहून ते उठले, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

"काय मिळवलंस? सांग ना, काय मिळवलंस? चारचौघांत मी ते बोललो. भूगोलाचं पुस्तक फाडलं म्हणालो! कुणासाठी? आणि तू एका मिनिटात सगळं पाण्यात घातलंस!"

"तुम्हाला तसं म्हणवत नव्हतं बाबा. मला दिसत होतं."

"म्हणवत नव्हतं तरी म्हणालो ना!" त्यांचा आवाज फाटला. "लिहायच्या आधी नाही आठवला तुला बाप?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला नाही. जाणारे लोक आमच्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढे केला. "दे ते."

मी फाडलेलं पान दिलं. ते आत जाऊन नावनोंदणीच्या टेबलावरची डिंकाची बाटली मागून घेऊन आले. पायरीवर रुमाल अंथरला, त्यावर पुस्तिका उघडून ठेवली. आमंत्रणाच्या कागदाची कड बोटभर रुंद फाडली. नाही, फाडली नाही. आधी घडी घातली, नखानं दाबली, मग सोडवली. त्या पट्टीनं त्यांनी माझं पान आणि गणितवीराचं पान पुन्हा एकमेकांना जोडलं.

"नका लावू ते," मी म्हणाले. "खोटं आहे ते सगळं. बाहेरच राहू दे."

"एक पान काढलं की त्याच्या जोडीचंही सुटतं. एवढी वर्षं माझ्या दुकानात बसलीस, एवढं कळलं नाही?" त्यांनी पट्टीवर अंगठा दाबून धरला. "आणि मागच्या बाजूला त्या पोहणारीचं लिहिलेलं आहे. तिनं काय घोडं मारलंय तुझं?"

त्यांनी पुस्तिका मिटली, तळहातावर ठेवून पाहिली आणि माझ्या मांडीवर दिली.

"वाळेपर्यंत उघडू नकोस," ते म्हणाले.