पुसलेला कण
त्या दूरच्या ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्यासमोर असायची आणि तिथे खडकाचं पाणी व्हायचं. दुसऱ्या बाजूला कायमचा अंधार. ग्रहाच्या पोटातला खडक कसा फिरतो ते बघायला दोघा नवरा-बायकोंनी कॉम्प्युटरवर त्याची प्रतिकृती करून तिच्यात हजार कण सोडले होते. त्यातल्या दोन कणांना नवऱ्याने नावं दिली होती, "हा मी, ही तू." तो गेल्यावर तिने त्याचा कण पुसून टाकला, रोज बघवेना. आज पडद्यावर अंधाऱ्या बाजूला ज्वालामुखी फुटला आणि लाव्ह्याबरोबर त्याचा कण वर आला.

"जुनी फाइल उघडली असेल, वहिनी," शेजारच्या टेबलावरून नवऱ्याचा मित्र म्हणाला.

तिने तारीख पाहिली. आजचीच होती. मग तिने उजेडातला स्वतःचा कण शोधला. तो मुकाट्याने अंधाराकडे निघाला होता.