ताटात सांडलेलं पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. बहात्तर सालच्या दुष्काळातलं सोलापूर डोळ्यांसमोर आणा. उन्हानं डांबर मऊ झालंय, नळावर घागरींची रांग आहे आणि मिलमागच्या गल्लीत एक बुद्धविहार आहे. धम्मदीक्षेनंतर मजुरांनी पाळी सुटल्यावर स्वतः विटा वाहून तो बांधला. गावोगावची माणसं तो बघायला येत.

तुमच्याएवढी नीलम्मा आजीचा, निंगव्वाचा हात धरून तिथं आली. अक्कलकोटकडच्या त्यांच्या गावात विहीर होती, पण त्यांच्या वस्तीला तिथं बंदी. म्हणून नीलम्माची आई ओढ्याकाठच्या पडक्या विहिरीत उतरली, तळाचं पाणी वाटीनं भरायला. एक घागर नीलम्मानं वर ओढली. दुसरी भरताना कड आईवर ढासळली.

आज आईसाठी जलदान करायचं होतं, गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी ओतायचा विधी.

फाटकाशी आजीनं वहाणा काढल्या आणि ती तिथंच धुळीत बसली.

"आजी, आत चला की," विहार सांभाळणारे रेवणप्पा म्हणाले. "हितं तुमाला कोन अडवतंय? आपलंच हाय."

"आपलं हाय, व्हय. पन जलमभर देवळाभाईर बसलेले पाय हायती, बाबा. उठत न्हाईत. पोरीला न्या."

"घोटभर पानी तरी घ्या."

"पोरीला द्या."

वाटेतही तिनं जवळचं सगळं पाणी नीलम्मालाच पाजलं होतं.

आत बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती जळत होती. आईचा फोटो कधी काढलाच नव्हता, म्हणून तिचं लुगडं घडी करून ठेवलं. रेवणप्पांनी ताटात वाटी मांडली आणि नीलम्माच्या हाती भरला तांब्या दिला.

"बारीक धार धर. वाटी भरून सांडू दे. पानी वाहतं तसं आपलं पुण्य आईपत्तुर जातं."

त्यांनी गाथा म्हणायला सुरुवात केली. वाटी भरली. पाणी ताटात सांडलं आणि नीलम्माचा हात थांबला.

"वत की, बाळ."

"सांडायचं?" ती म्हणाली. "एवढ्यासाटीच तर आई मेली की."

रेवणप्पांची गाथा तिथंच अडली.

नीलम्मा लुगड्याकडं बघत राहिली. मग तिनं तांब्या कलता केला आणि उरलेलं सगळं ओतलं. ताट काठोकाठ भरलं. ते तिनं दोन्ही हातांनी उचललं, पाणी हिंदकळू न देता फाटकापर्यंत नेलं आणि आजीच्या कोरड्या ओठांना लावलं.