बावखलाच्या काठी तीन पाय

मी ट्रायपॉड बोलतोय. फोटो म्हटलं की लोकांना कॅमेरा आठवतो. तो पडला मोठ्या घरचा, मखमली पिशवीत राहणारा. आम्ही त्याला डोक्यावर घेऊन चिखलात उभे राहणारे. पण फोटो कुठून घ्यायचा हे ठरतं ते आमच्या पायांनी, आणि निम्मा फोटो तिथेच झालेला असतो. हे ओळखणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं.

माझ्या नळ्या कुठल्या कारखान्यात कापल्या ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी माणिकपूरच्या प्लासिड अंकलच्या फोटो स्टुडिओत होतो. साल एकोणीसशे ब्याण्णव. बाप्तिस्मा असो की मुंज, लग्न चर्चमधलं असो की मांडवातलं, अंकल सगळ्यांना हसवून रांगेत उभं करायचे. त्यांचे नियम पक्के. डोक्यावर चार बोटं जागा ठेवायची. पाय कापायचे नाहीत. कडेला मोकळं सोडायचं, कारण लॅबवाला प्रिंट काढताना कडा खातो. आणि एकही पाहुणा सुटता कामा नये. एकदा नवरीची आत्या कडेला अर्धीच आली, तर तिने अख्खा अल्बम परत पाठवला होता.

हे सगळं विनिता त्यांच्याकडे शिकली. ती नंदाखालच्या वाडीवाल्या घरातली. कॉलेज झाल्यावर स्टुडिओत आली आणि चार-पाच वर्षांत लग्नांचं सगळं काम तिच्यावर आलं. मला खांद्यावर टाकून ती स्कूटरवरून गावोगाव फिरायची. पोरगी हट्टी. तिची आई मनोरमाबाई म्हणायच्या, "हिला नाही म्हणून बघा, तिथूनच हिचं हो सुरू होतं."

त्यांच्या वाडीत केळी आणि माडांच्या मधोमध एक बावखल होतं. बावखल म्हणजे वाडवडिलांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. विनिताचा मोठा भाऊ परेश बँकेत होता. तुळिंजला दोन खोल्यांत तो, बायको आणि दोन मुलं दाटीवाटीने राहत होती. त्याला वाडीत घर बांधायचं होतं, आणि जागा ठरली ती बावखलाची. दिवाळी झाली की मातीचे डंपर येणार होते.

"रहाट कधीच मोडला," तो म्हणाला. "आता नळ आलाय. त्या पाण्यात डासांशिवाय आहे काय?"

त्याचं सगळंच खोटं नव्हतं. 

"फोटो काढून दाखवते तुला, दादा, काय बुजवतोयस ते," ती एवढंच म्हणाली.

मग तिने मला वाडीत नेलं आणि अगदी लग्नात उभं करतात तसं उभं केलं. लांब, सपाट जमिनीवर, माणसाच्या उंचीला. फ्रेममध्ये सगळे हजर होते. बावखल मधोमध, भोवती शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सगळे माड, केळी, रहाटाचा खांब, घरचा रिकामा गोठा, शेजाऱ्याची म्हैस आणि दोरीवर वाळत घातलेलं मनोरमाबाईंचं लुगडं. वर चार बोटं आभाळ. मला त्याच वेळी हसू येत होतं, पण ट्रायपॉडने हलायचं नसतं.

परेशने प्रिंट हातात घेतला. "हे काय? डबकं आणि आजूबाजूला पसारा."

तिला ते फार लागलं. लागलं कारण खरंच तसं दिसत होतं. जे पाणी बघत ती लहानाची मोठी झाली, ते तिच्याच फोटोत डबकं झालं होतं.

पण ती हरणाऱ्यांतली नव्हती. सकाळी लग्न, संध्याकाळी रिसेप्शन आणि मधल्या वेळात आम्ही बावखलावर. एकदा तिने नुसतंच पाणी घेतलं, तर हिरव्या रंगाचा चौकोन आला. एकदा सूर्य मावळताना घेतलं, तर निम्मं आभाळ आणि निम्मं पाणी, दोघंही गप्प. अंकलनी चष्मा वर करून ते प्रिंट पाहिले.

"फोटो हललेला नाय, रंग चांगला आलाय. अजून काय पायजे तुला, बाय?"

"अंकल, नजर थांबतच नाही कुठे. आत येते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते."

त्या दिवशी तिने सगळे प्रिंट टेबलावर मांडले आणि हाताने एकेक भाग झाकून पाहायला लागली. म्हैस झाकली, बरं दिसलं. आभाळ झाकलं, आणखी बरं दिसलं. लुगडं झाकलं तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "मी अजून पाहुणेच बोलावतेय." मला तिला मिठी मारावीशी वाटली. जमीन-पाण्याचा फोटो म्हणजे लग्नाचा ग्रुप फोटो नव्हे, तिथे कुणाची आत्या रुसत नाही. कोणाला घ्यायचं यापेक्षा कोणाला बाहेर ठेवायचं हेच तिथे कठीण असतं.

दसरा उलटून गेला होता. एका सकाळी ती मला थेट काठावर घेऊन गेली. तिथे धुण्याचा एक मोठा दगड होता. त्याच्या मागे मला रोवलं आणि माझे पाय चिखलात खचले, पेच ढिले पडले, नळ्या आत सरकल्या. मी गुडघ्याइतका बुटका झालो. यात माझी हुशारी काही नाही, पण श्रेय मी सोडणार नाही. मला सरळ करायला ती चिखलात गुडघ्यांवर बसली, सहज कॅमेऱ्यातून पाहिलं आणि बघतच राहिली.

तिथून दगड जवळ आला होता, कोपऱ्यात भला मोठा, झिजलेला. त्याच्यापासून पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. पलीकडच्या वाकड्या माडाचं प्रतिबिंब पाण्यातून थेट दगडापर्यंत आलं होतं. आभाळ होतं, पण पाण्यातलं. गोठा आणि म्हैस बांधाआड गेली होती. माडाचा शेंडा फ्रेमबाहेर कापला जात होता, आणि इतक्या वर्षांत विनिताने कुणाचं डोकं कापलं नव्हतं. ती थोडं थांबली. दगडावर ऊन आलं तेव्हा बटण दाबलं. कडेला तिने काहीच मोकळं सोडलं नव्हतं, म्हणून लॅबमध्येही स्वतः उभी राहिली.

परेश रविवारी आला. ओटीवर बसून त्याने तो प्रिंट पाहिला. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून होतो. त्याचं बोट कोपऱ्यातल्या दगडावर थांबलं.

"ह्या दगडावर आई मला घासून आंघोळ घालायची," तो म्हणाला. विनिताचा चेहरा उजळला. मग तो पुढे म्हणाला, "विनू, हा मोठा करून दे. नव्या घराच्या हॉलमध्ये लावू. मग बावखल बुजवलं तरी रोज डोळ्यांसमोर राहील."

ती उठली. आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. पाकिटातून निगेटिव्ह काढली, उजेडात धरून ती एक चौकट शोधली आणि तिचे तुकडे केले. मग त्याच्या हातातला प्रिंट घेऊन तोही कापला.

"आता फोटो नाही, दादा. बघायचं असेल तर तेवढं पाणीच आहे."

अंकलना कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "असा फोटो मी जन्मात नाय काढला, बाय. आणि तू कापलास?"

"म्हणूनच कापला," ती म्हणाली. त्या रात्री ती खूप रडली, असं मनोरमाबाईंनी परेशला सांगितलं.

डंपर यायच्या आदल्या दिवशी तिने मला पुन्हा त्याच चिखलात रोवलं, तितकंच बुटकं करून. वर कॅमेरा नव्हता. कुणाला काही न सांगता ती घरात गेली. दुपारी परेश मजुरांना जागा दाखवायला आला. मला पाहून थबकला. चपला काढल्या, पँट वर केली, गुडघे टेकले आणि माझ्या डोक्यावर हनुवटी ठेवून समोर पाहू लागला. त्याचा श्वास मला जाणवत होता.

विनिता मागे येऊन उभी राहिली होती.

"विनू," तो न वळताच म्हणाला, "गोठा पाडला तर घर तिकडे बसेल?"

"दोन माड जातील."

"आणि मुलांची खोली लहान होईल," तो म्हणाला. मग हनुवटी उचलून म्हणाला, "होऊ दे."

तो उठला आणि डंपरवाल्याला फोन करायला नाक्यावर गेला.

घर गोठ्याच्या जागी झालं. आता दोन हजार आठ साल आहे. विनिताने स्वतःचा स्टुडिओ काढलाय, डोंगर-समुद्राचे फोटो काढते, आणि पाय हलवून दुसरी जागा पाहिल्याशिवाय बटण दाबत नाही. तिच्याकडे नवा हलका ट्रायपॉड आहे. माझा पाय वाकला, पेच गंजले, म्हणून मी इथेच काठावर राहिलो. परेशची मुलं माझ्यावर टॉवेल टाकून पोहायला उतरतात. तो फोटो विनिताने पुन्हा काढलेला नाही, आणि परेशनेही कधी मागितला नाही.

कधी नंदाखालला आलात तर कॅमेरा पिशवीतच राहू द्या. चिखलाला भिऊ नका. गुडघे टेका, हनुवटी माझ्यावर ठेवा आणि बघा. माझ्या डोक्यावरून निघालेला सर्वांत चांगला फोटो कुठेच नाही, पण पाणी इथे आहे.