आरशाच्या चौकटीतला कागद

सलूनवाल्याचे स्वतःचेच केस मानेवर आले होते आणि त्यावरून गिऱ्हाइकं रोज त्याची टर उडवत. "दिव्याखाली अंधार!" असं शेजारचा चष्मेवाला येता-जाता म्हणे. सलूनवाला हसून सोडून देई. खरी गोष्ट अशी, की लग्न झाल्यापासून त्याचे केस बायकोच कापायची. दुपारी दुकान रिकामं असलं की त्याला त्याच्याच खुर्चीत बसवायची, गळ्याभोवती कापड गुंडाळायची आणि "हलू नकोस रे, कान जाईल," म्हणत कात्री चालवायची. कान कधी गेला नाही, पण दोन्ही कल्लेही कधी सारखे आले नाहीत.

चार वर्षांपूर्वी ती समुद्रापलीकडे एका आजारी म्हातारीची सेवा करायला गेली. एक वर्षाची बोली होती, त्या एका वर्षाचं मारुतीचं शेपूट झालं. तेव्हापासून त्याने दुसऱ्या कुणाच्या कात्रीखाली मान दिली नव्हती. फारच वाढले तर दोन आरशांच्या मध्ये उभा राहून स्वतःच कसेबसे छाटून घेई.

त्या आठवड्यात दुकानातल्या आरशाच्या चौकटीत एक कागद खोचलेला होता. तो त्याच्या लेकीचा, टिचकीचा. लहानपणी दिसेल त्याच्या नाकावर टिचकी मारायची, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. आता ती आठवीत होती. पुढच्या वर्षी एक जादा विषय घ्यायचा होता: शिवण, चित्रकला, हिशेब, बागकाम किंवा परभाषा. कागद शुक्रवारी बारापर्यंत दिला नाही तर बागकाम गळ्यात, कारण बागकामाला आपणहून कुणीच जात नसे.

टिचकीने निळ्या शाईने परभाषेवर खूण केली होती. तिची आई राहते तिथली भाषा. कागद घडी घालून, सहीची जागा वर ठेवून तिने तो बाबाकडे दिला आणि बाबाने "बघतो" म्हणून आरशात खोचला. 'बघतो'ला चार दिवस झाले.

तेवढ्यात गिऱ्हाइकांचं पंचमंडळ बसलंच. इस्त्रीवाला म्हणाला, "शिवण घ्या. कपडे फाटायचे काही थांबत नाहीत." निवृत्त पोस्टमास्तरांनी हिशेबाची बाजू लावून धरली. चष्मेवाल्याने काचा पुसत कागद वाचला आणि सहज म्हणाला, "तिकडची भाषा म्हणजे तिकडचं तिकीट, राव. आई गेली, आता लेक जाणार."

बोलून तो चहाला निघून गेला, पण ते वाक्य सलूनवाल्याच्या डोक्यातून जाईना. दुकानात दोन खुर्च्या होत्या. एक गिऱ्हाइकाची. दुसरीत संध्याकाळी टिचकी अभ्यास करायची, पाय वर घेऊन, खुर्ची गरगर फिरवत. तो ओरडायचा, "मळमळेल गं!" ती खुर्ची रिकामी झाली तर आपण ओरडायचं कुणावर, हे त्याला कळेना.

गुरुवारी संध्याकाळी पोस्टमास्तर दाढीला बसले. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे आरशाच्या डावीकडे खिळ्याला अडकवलेले असत. हात न बघता तिकडे जाई. वीस वर्षं जात होता. टिचकीचा कागद उजवीकडे होता. त्या दिवशी हात उजवीकडे गेला. एकदा नव्हे, तीनदा.

"अहो, हे काय केलंत?" आरशात बघून पोस्टमास्तर दचकले.

सलूनवाल्याने खाली पाहिलं. साबणाच्या पाण्यात निळी शाई पसरली होती. खूण गेली, विषय गेले, सहीची जागाही गेली. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

पोस्टमास्तर गेल्यावर त्याने कागद दिव्याजवळ धरला, हलक्या हाताने घडी उलगडली. आतली बाजू कोरडी होती. तिथे छापलं होतं, 'हा विषय का निवडला?' आणि खाली टिचकीचं गिचमिड अक्षर:

'आईच्या मालकांना पत्र लिहायचं आहे. आई सुट्टीबद्दल काय सांगते ते त्यांना कळत नाही. त्यांना नीट सांगायचं आहे, की आता आमची आई परत पाठवा.'

सलूनवाला कागद घेऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. पोरीला जायचं नव्हतंच. तिला आणायचं होतं. आणि आपण? दर रविवारी फोनवर आपण एकच पालुपद लावतो: इकडची काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे. चार वर्षांत 'ये' हा शब्द आपल्या तोंडून एकदाही निघाला नाही. तिला तिथे जड जाऊ नये म्हणून गिळला आणि गिळायची सवयच झाली.

टिचकी दप्तर घेऊन आली. "बाबा, केलीस का सही?"

"माझ्या हातून खराब झाला गं. फेस लागला."

तिने कागद पाहिला, मग खिळा पाहिला. "खिळा तर डावीकडे आहे."

"हो," तो म्हणाला. "उद्या मी स्वतः येतो शाळेत."

शुक्रवारी सकाळी त्याने दुकान बंद ठेवलं. शाळेच्या कारकून बाईंनी कुरकुरत दुसरा कागद दिला. टिचकीने खूण केली, कारण पुन्हा लिहिलं, अक्षर न अक्षर तेच. पालकांच्या मतासाठी एक ओळ होती. त्याने सही केली आणि बराच वेळ पेन चावून लिहिलं, 'लवकर शिकवा.'

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इथे सगळे 'संमती आहे' लिहितात." मग त्यांनी वरचं कारण वाचलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "पण पत्र लिहिण्याइतकी भाषा यायला दोन वर्षं तरी लागतात हो."

"लागू देत," टिचकी म्हणाली.

दोन वर्षं. घरी येईपर्यंत तो तेच घोकत होता. पोर दोन वर्षं घासून जे सांगायला शिकणार, ते सांगायला त्याला कुठली शाळा लागत होती?

रविवारी दुपारी दुकानातच फोन आला. टिचकी तिच्या खुर्चीत होती. बायकोने नेहमीसारखंच विचारलं, "इकडे सगळं ठीक ना?"

"इकडची काळजी..." सवयीने त्याचं तोंड सुरू झालं आणि तिथेच अडलं. खुर्ची फिरायची थांबली.

"नाही," तो म्हणाला. "ठीक नाही. माझे केस मानेवर आलेत. ये तू."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"अरे, मग कापून घे ना कुणाकडून तरी," ती म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला तुझ्यासारखं जमत नाही," तो म्हणाला, आणि आरशात बघत दोन्ही कल्ल्यांवरून हात फिरवला.