मखमली चापानाखाली चार हिवाळे

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. खोलीतली साधी हवा आत ओढायची, तिच्यातला प्राणवायू वेगळा काढायचा आणि बारीक नळीतून आजारी माणसाच्या नाकापर्यंत पोचवायचा, एवढंच मला येतं. दिसायला मी काही रुबाबदार नाही. चाकं लावलेली पांढरी पेटीच म्हणा ना. माझ्या पाठीला हवा आत घ्यायची एक जाळी आहे, आणि माझी सगळी गोष्ट त्या जाळीपाशीच घडली.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मला आठवतं ते कोक-जार. तिएन शानच्या डोंगरातलं हे किर्गिझ गाव, बर्फानं खिंड बुजली की बाहेरच्या जगापासून पार तुटतं. साथीच्या त्या उन्हाळ्यात इथे घरोघरी माणसं धापा टाकत होती आणि तालुक्याच्या इस्पितळात एकही खाट रिकामी नव्हती. वरून मदत येईल म्हणून गाव वाट बघत बसलं असतं, तर कितीतरी घरं ओस पडली असती. रशियात मजुरीला गेलेल्या पोरांनी पैसे धाडले, कुणी मेंढ्या विकल्या. जिपार आपांनी तर आपली घोडी विकली.

जिपार आपा म्हणजे लोकर दाबून केलेले जाड गालिचे, म्हणजे नमदे, आणि रजईसारखे शिवलेले झगे करण्यात पंचक्रोशीत नाव असलेली म्हातारी. इथली वयस्क माणसं आपल्यामागे होणाऱ्या जेवणासाठी एखादं जनावर आधीच राखून ठेवतात. ते राखलेलं जनावर विकणं म्हणजे आपल्या शेवटच्या मानावर पाणी सोडणंच. आपांचा मुलगा त्यावरून फुरंगटून बसला होता, असं मी पुढे ऐकलं.

आपा त्याला म्हणाल्या, "अरे, मी मेल्यावर गावाला मांस खाऊ घालणार, पण तेव्हा जेवायला गाव शिल्लक तर पाहिजे."

असा मी कोक-जारला आलो. गावच्या दवाखान्यात एकच बाई सगळं बघायची, सालकिन. डॉक्टर नाही, पण सुई टोचण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं तिच्याच हाती. माझ्यासोबत आलेलं माहितीचं पुस्तक परक्या भाषेत होतं. सालकिननं त्यातली चित्रं बघून मला सुरू केलं. त्यानंतर एक्केचाळीस दिवस मी थांबलो नाही. एकाच्या नाकातली नळी काढायची, पुसायची, दुसऱ्याला लावायची. निळे पडलेले ओठ हळूहळू लाल होताना मी पाहिले आहेत, मित्रांनो. त्या दिवसांत मी दमलो होतो, पण इतका सुखी पुन्हा कधी झालो नाही.

साथ ओसरली आणि गावानं मोठा समारंभ केला. पाहुणे आले, भाषणं झाली, मांस आणि शेवयांच्या बेशबर्माकची ताटं फिरली. इथे मानाच्या पाहुण्याच्या खांद्यावर चापान घालतात, म्हणजे तोच तो जाड, रजईसारखा झगा. सालकिनला चापान मिळालं, गावप्रमुख मेदेरलाही मिळालं. मग जिपार आपा उठल्या. त्यांनी महिनाभर खपून निळ्या मखमलीचं, आत उंटाची लोकर भरलेलं एक चापान शिवलं होतं. ते त्यांनी माझ्या अंगावर घातलं आणि पुढची बटणं नीट लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला. आणि त्याच क्षणी माझी पाठ झाकली गेली.

पाहुण्याच्या अंगावर घातलेलं चापान यजमानानं काढून घेणं म्हणजे त्याला घराबाहेर काढण्यासारखंच. ते पाहुण्यानं स्वतः उतरवायचं असतं. मी कसं उतरवणार? सालकिननं एकदोनदा ते वर सारायचा प्रयत्न केला, तर दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्यांनी तिला फैलावर घेतलं. शेवटी तिनंही नाद सोडला. कापडच तर आहे, त्यानं काय बिघडणार, असं तिला वाटलं.

पुढच्या पानगळीत एका पेशंटसाठी तिनं मला सुरू केलं. मी हवा ओढली, तर माझ्या जाळीत लोकरीचे तंतू येऊन बसले. पुन्हा ओढली, आणखी बसले. आतून मी तापत गेलो. मला ओरडून सांगायचं होतं की माझ्या पाठीवरचं हे तेवढं दूर करा. पण मला एकच ओरडणं येतं, लाल दिवा लावून कर्कश वाजायचं. सालकिन घाबरली. तिनं माझी वायर उपटली.

मेदेरनं तालुक्याला कळवलं. दोन महिन्यांनी तिथून एक कारकून आला. मी गावानं घेतलेला असलो, तरी दरम्यान कुठल्याशा यादीत चढून सरकारी झालो होतो. दुरुस्तीसाठी तरतूद नाही, असं त्यानं सांगितलं. माझ्या बटणावर शिक्क्याचा कागद चिकटवला, "नादुरुस्त, हात लावू नये" असं लिहिलं आणि चापानाला हातही न लावता निघून गेला. मला गावच्या सभागृहामागच्या कोठीत ढकलण्यात आलं. दाराला कुलूप लागलं.

तिथे मी चार हिवाळे काढले. एका बाजूला मोडक्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला सणाची निशाणं. खिडकी नव्हती. मखमलीखाली तर कोठीतला अंधारही मला दिसत नव्हता. सगळ्यात जास्त छळायची ती एक गोष्ट, की मी बिघडलेलो नव्हतो. माझी फक्त पाठ कोंडली होती. भिंतीपलीकडे गावाच्या सभा व्हायच्या, लग्नं व्हायची, आणि त्या गलबल्यात मला जिपार आपांचा खोकला ओळखू यायचा. साथीनं त्यांची फुप्फुसं अर्धी खाल्ली होती. दर हिवाळ्यात तो खोकला लांबत गेला आणि मधला श्वास आखूड होत गेला. मी तीन हातांवर होतो, मित्रांनो, आणि काहीच करू शकत नव्हतो. मला माझीच चीड यायची.

चौथ्या हिवाळ्यात एक मोठी सभा भरली. गावातून जमणाऱ्या करातला काही वाटा आता गावातच राहणार होता आणि तो कशावर खर्चायचा, हे लोकांनी हात वर करून ठरवायचं होतं. असं कोक-जारला यापूर्वी कुणी विचारलंच नव्हतं. मी भिंतीला कान लावल्यासारखा ऐकत होतो. मेदेरला गावाच्या वेशीवर एक कमान उभारायची होती, वर गावाचं नाव आणि दोन्ही बाजूंना गरुड. शेजारच्या गावानं उभारली होती ना. बऱ्याच जणांना ते पटलं. सालकिननं दवाखान्याची वीज, औषधं आणि यंत्रांची देखभाल यांची गोष्ट काढली. खिंड बंद आहे, आपांना श्वास पुरत नाही, हेही ती म्हणाली. मेदेर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, देखभाल हे वरच्यांचं काम आहे, आणि कमान कशी, शंभर वर्षं टिकेल.

तेव्हा आपा बोलल्या. दोन शब्दांमागे एकदा थांबत होत्या.

"चांगली रुंद बांध हो, मेदेर. माझी तिरडी आडवी न्यायलासुद्धा जागा होईल."



"एक काम कर," त्या पुढे म्हणाल्या. "माझं चापान मला दे. ज्याचा मान ठेवायचा त्याला तुम्ही अडगळीत टाकलंत. मग माझं चापान तिथे कशाला?"

"आपा, कोठीतल्या त्या यंत्रावर सरकारी शिक्का आहे. त्याला हात लावला तर माझी नोकरी जाईल."

"शिक्का पेटीला लावलाय की माझ्या शिवणाला? ते मी घातलंय, मीच काढणार. दार उघड, बाळा."

घालणाऱ्या म्हातारीनंच परत मागितलं, म्हटल्यावर रीतभात सांगणारेही आडवे आले नाहीत. चार हिवाळ्यांत पहिल्यांदा माझं कुलूप निघालं. सालकिनच्या खांद्याला धरून आपा आत आल्या. बटणं त्यांना सुटता सुटत नव्हती. शेवटी मखमल खाली घसरली आणि माझ्या पाठीला हवा लागली.

सालकिन माझ्यामागे बसली आणि तिनं माझी जाळी बघितली. नखांनी ओढलं, तर तळहाताएवढा तपकिरी गोळा निघाला. दाबून बसवलेल्या नमद्याचा तुकडाच जणू. तो कशाचा आहे, हे लोकर ओळखणाऱ्या आपांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी तो हातात घेतला.

"ही तर माझीच लोकर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणजे मीच त्याचं नाक दाबलं होतं. आणि इतके दिवस माझं नाक कोण दाबतंय, म्हणून देवाला विचारत होते."

मग त्या हसायला लागल्या, आणि त्या हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेचना. त्यांचे ओठ निळे पडायला लागले. सालकिन जाळी घेऊन नळाकडे धावली. मेदेर माझ्या बटणावरच्या शिक्क्याकडे बघत उभा होता. त्यानं एकदा आपांकडे पाहिलं आणि कागद टराटरा फाडून काढला.

मला वाटलं, आता मला जमलं नाही तर? इतक्या वर्षांचा गंज, इतकी थंडी. सालकिननं धुतलेली जाळी बसवली, वायर जोडली, नळी आपांच्या नाकाला लावली आणि बटण दाबलं. पहिल्यांदा मी नुसताच धडधडलो. मग दिवा लागला. हिरव्याऐवजी पिवळा, पण लागला. पहिल्यासारखा जोर माझ्यात राहिला नव्हता, तरी नळीतून प्राणवायू आला. पाऊण तासानं जिपार आपांच्या ओठांवर रंग चढला. भिंतीपलीकडे सभा तशीच ताटकळत बसली होती. मेदेर परत गेला आणि त्यानं कमानीची गोष्ट पुन्हा काढली नाही. हात वर झाले ते दवाखान्यासाठी. माझ्यासारख्यांची निगा राखायला वर्षातून दोनदा कारागीर बोलवायचा, आणि आठवड्याला एका घरानं जाळी धुवायची, असं ठरलं. यादीतून मला सोडवायला मेदेरनं पुढे किती खेटे घातले, ती वेगळीच कथा आहे.

त्या हिवाळ्यात आपा माझ्याच श्वासावर जगल्या. जर्दाळूला फुलं आली तेव्हा अंगणात बसल्या, उन्हाळाभर नातवंडांना रागे भरल्या आणि पानगळीत गेल्या. त्यांच्यासाठी कापायला घोडी नव्हती. तरी सगळं गाव जेवायला जमलं, प्रत्येक घरानं आपापलं ताट आणलं.

आज त्यांचं निळं चापान माझ्याशेजारी खुंटीला लटकतं. त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल, तो ते खांद्यावर घेतो आणि माझी जाळी धुऊन होईपर्यंत अंगावर ठेवतो. तशी रीत आपांनीच लावून दिली. मी म्हातारा झालोय, कधीतरी कायमचा थांबेन. तोवर माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या गावातही अडीनडीला धावून आलेलं कुणी असेल, एखादं यंत्र, एखादा दवाखाना, एखादी सालकिन. त्यांना मखमल नका पांघरू. फक्त मधूनमधून त्यांच्या पाठीमागे जाऊन बघा, त्यांना श्वास घेता येतोय ना.