अठ्ठावीसच्या खोक्यातली सव्वीसची ट्यूब

सरस्वतीने अठ्ठावीसचं म्हणून खोकं उघडलं. आतल्या ट्यूबवर आकडा होता सव्वीस.

दुर्गदबैल बाजारातलं सायकलच्या सामानाचं दुकान नवऱ्यामागं ती दोन वर्षं सांभाळत होती. काल संध्याकाळी फडताळ झाडताना तिने ट्यूबा बाहेर काढल्या होत्या. परत भरताना सगळ्यांचीच अदलाबदल झाली असणार. आणि त्यातलंच एक खोकं सकाळी नऊला उणकलचा यल्लाप्पा घेऊन गेला होता.

"अक्का, पुढच्या चाकाला पाहिजे. अठ्ठावीस इंची, दीड रुंदीची," तो म्हणाला होता. "पोरीची, सुमनची, अमरगोळच्या मार्केट यार्डात मुलाखत आहे, अकराला. कॅरेजवर बसवून नेतो."

तिने खोक्यावरचा आकडा वाचला होता. आतल्या रबरावरचा वाचला नव्हता.

"भावजी, यल्लाप्पाला सव्वीसची गेली!"

विठ्ठल, तिचा धाकटा दीर, हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, "ताणून बसते की, वहिनी. फुटली तर कंपनीला नावं ठेवतील."

"बसते, पण हवा भरली की रबर पातळ होतं. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटतं. पुढचं चाक आहे, मागं पोरगी बसणार. त्या रस्त्याला ट्रक किती असतात!"

"आणि तुम्ही जाऊन सांगणार, माझं चुकलं म्हणून? आधीच लोक म्हणतात, बाईमाणसाला ह्यातलं काय कळतंय."

त्याचं बोलणं तिला लागलं. पण ती थांबली नाही. अठ्ठावीसची ट्यूब आकडा दोनदा वाचून पिशवीत टाकली आणि तिने उणकलवरनं धारवाडकडं जाणारी बस गाठली.

बस रेल्वे फाटकाशी अडली. मालगाडीचे डबे संपता संपेनात. सरस्वती दांड्याला धरून उभी होती. समोरून एखादी सायकल आली की ती आधी पुढचं चाक बघायची.

उणकलला उतरून ती तिथल्या एकुलत्या पंक्चरच्या दुकानाकडं, बाळाप्पाकडं, धावलीच.

"यल्लाप्पाण्णाची ट्यूब तुम्हीच घातली काय?"

"हौद्री अक्का, मीच. जरा ओढून घ्यावी लागली. नवं रबर आहे, कडक असेल म्हटलं."

"सव्वीसची होती ती!"

बाळाप्पाच्या हातातला पाना तसाच राहिला. "गेले की ते. वीस मिनिटं झाली."

पुढची बस कधी येईल याचा नेम नव्हता. बाळाप्पाकडं भाड्याची एक लेडीज सायकल होती. लग्नाआधी माहेरी सरस्वती सायकल चालवायची. त्यानंतर सोळा वर्षांत पाय लावला नव्हता. तिने पदर खोचला. पहिल्या दहा पॅडलांत ती दोनदा डळमळली. मागून ट्रकने हॉर्न दिला तेव्हा हँडल हातातून निसटतंय असं वाटलं. तरी ती पाय मारत राहिली.

अमरगोळच्या अलीकडच्या चढावर रस्त्याकडेला आडवी पडलेली सायकल तिला दिसली. शेजारी दगडावर सुमन बसली होती, तोंड ओंजळीत झाकून.

सायकल टाकून सरस्वती धावली. "लागलं का गं? कुठं लागलं?"

सुमनने मान वर केली. ती रडत होती, पण धड होती. यल्लाप्पा पलीकडं चाकापाशी वाकला होता. चढ लागला म्हणून दोघं उतरून चालत होती, तेवढ्यात ट्यूब बंदुकीसारखी फुटली होती.

"नवी ट्यूब, अक्का," तो म्हणाला. "अर्धा तास टिकली नाही."

"ती सव्वीसची होती. माझ्या हातून खोकी बदलली. चूक माझी."

यल्लाप्पाचा आवाज चढला. "उतारावर असतो तर? ही मागं बसली असती तर?"

सरस्वतीने भाड्याची सायकल उभी केली आणि हँडल त्याच्या हातात दिलं. "हिच्यावरनं जावा. अजून वेळ आहे. इथं पंप नाही. मी तुमची सायकल बाळाप्पाकडं नेऊन बरोबर मापाची ट्यूब घालून ठेवते."

त्याने सायकल ढकलत चढाच्या माथ्यावर नेली आणि तो बसला. सुमनने डोळे पुसले, प्रमाणपत्रांची पिशवी उराशी धरली आणि मागं बसली. दोघं चढापलीकडं दिसेनाशी झाल्यावर सरस्वतीने यल्लाप्पाची सायकल उचलली. मग ती ढकलत उणकलला परतली.

दुपारी तीनला बापलेक आली, तोवर ती बाळाप्पाच्या बाकावरच बसून होती. यल्लाप्पाने पुढचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं, वाकून टायर सगळीकडून निरखला.

"मुलाखत कशी झाली?" तिने सुमनला विचारलं.

"झाली वेळेवर. पहिल्याच प्रश्नाला अडखळले," सुमन म्हणाली. "मग साहेबांनी पाणी दिलं, आणि पुढचं सगळं सांगता आलं."

सरस्वतीने मान हलवली. यल्लाप्पाने सायकल रस्त्यावर घेतली. सुमन मात्र कॅरेजवर बसली नाही. घरापर्यंत ती त्याच्या बाजूनं चालतच गेली.