झीलकरी

मेघनानं एंटरची कळ दाबली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ती पडद्याकडं बघत बसली. कंपाइल झालं. कुठं चूक नाही, कुठं कुरकुर नाही. मग तिनं आवाजाचं सॉफ्टवेअर उघडून नवं प्लगइन लावलं, आणि पुन्हा तीच ओळ आली: लागणारं फंक्शन सापडत नाही. सकाळपासूनची ही एकविसावी खेप होती.

"मेल्या," ती कॉम्प्युटरला म्हणाली, "मुकाट्यानं जेवतोस, आणि हात धुताना म्हणतोस भाजीत मीठ नव्हतं!"

मागच्या बाकावर बसलेल्या भागूबाईला हसू आलं. शेजारी ज्ञानू होता. तो हसला नाही, पण त्याची नजर लेकीच्या पाठीवरून हलत नव्हती.

बारामतीतल्या या कॉम्प्युटर क्लासात मेघना शिकवायची. रविवार म्हणून क्लास बंद. मालकांनी किल्ली दिली होती, पण बजावून दिली होती: उद्या नवी बॅच आहे, आज संध्याकाळी सगळ्या मशिनांतलं पुसून नव्यानं भरायचं. म्हणजे झालं तर आजच. आई-वडील कळसहून सकाळच्या एसटीनं आले होते, भाकरी बांधून घेऊन.

ज्ञानू म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या जलशाचा गळा. त्याचं गाणं ऐकून लोकांनी पोरी शाळेत घातल्या, आणि त्यानं स्वतःचीही घातली. चार महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच निघायचं, "त... त..." डॉक्टर म्हणाले होते, गाणाऱ्या माणसाची वाचा कधी कधी गाण्याच्या वाटेनं परत येते; ओळखीचं गाणं सावकाश लावा, सोबत म्हणू द्या, पण उशीर करू नका.

घरात जलशाची एक कॅसेट होती, ज्ञानूच्याच आवाजातली. पण गाणं ठेक्याचं, घोड्यावर बसल्यासारखं पळणारं. मेघनानं टेपरेकॉर्डरची चकती बोटानं दाबून ते सावकाश करून पाहिलं, तर आवाज रेडा हंबरावा तसा झाला. ज्ञानूनं डाव्या हातानं टेप बंद केला आणि तो दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडला.

त्या दिवसापासून मेघना इरेला पेटली. कॅसेट तिनं क्लासातल्या कॉम्प्युटरात भरून घेतली. गाणं मंद झालं पाहिजे, पण सूर उतरता कामा नये. पुण्याच्या एका मैत्रिणीनं तसं करणारं प्लगइन फ्लॉपीवर पाठवलं. ते कच्चंच होतं, नुसता लिहिलेला कोड. सोबत त्याला लागणाऱ्या गणिताची एक लायब्ररी होती. दोन्ही इथंच कंपाइल करून एकमेकांना जोडायचं होतं, आणि घोडं नेमकं तिथंच अडलं होतं.

"राहू दे बाय," भागूबाई म्हणाली. "दोन घास खा. डोळं बघ कसं झाल्यात."

"झाल्याशिवाय न्हाय खाणार."

"अगं, पण त्याचं म्हणणं तरी काय हाय?"

मेघना खुर्चीसकट वळली. "आई, हे प्लगइन म्हणजे गाणारा. त्याला मधे मधे गणित लागतं, ते ही लायब्ररी पुरवती. जोडताना एका ओळीत दोघांची नावं लिहायची. मी लायब्ररीचं नाव पहिलं लिहिलंय, मानानं. आपण पत्रिकेत थोरांची नावं वर घालतो, तसं. तरी हा म्हणतोय, सापडत न्हाय."

"त!" ज्ञानू एकदम म्हणाला.

दोघी वळल्या. त्यानं डावा हात छातीवर आपटला. मग तोच हात खांद्यावरून मागं नेला आणि दोनदा झटकला. "त! त!" कपाळाची शीर तट्ट फुगली होती.

"काय हो? पाणी पायजे?" भागूबाईनं विचारलं.

त्यानं जोरानं मान हलवली. पुन्हा छाती, पुन्हा मागं. भागूबाई बघत राहिली आणि तोंडाला पदर लावून खुदकन हसली.

"आगं, झीलकरी म्हणत्यात! झील धरणारा मागं उभा ऱ्हातो. म्होरक्यानं आधी ओळ टाकायची, मग ह्यानं उचलायची. ह्यांचा झीलकरी गेणू एकदा आधीच सुरू झाला, तर भर मंडपात डोळं वटारलं होतं ह्यांनी. उचलायला काय हाय ठावंच न्हाय, तर बिचारा उचलणार काय?"

मेघनाचा हात कपाळावर गेला. जोडणारा प्रोग्राम ओळ डावीकडून वाचत जातो. लायब्ररी आधी आली, तेव्हा तिच्याकडं कुणी काही मागितलंच नव्हतं, म्हणून त्यानं ती तशीच सोडून दिली. पुढं प्लगइननं मागितलं, तोवर ती मागं पडलेली. पुस्तकात हे वाचलं होतं की! मानपानाच्या नादात साफ विसरली होती.

तिनं लायब्ररीचं नाव ओळीच्या शेवटी नेलं. एंटर. प्लगइन लावलं. या खेपेला तक्रार आली नाही.

"आबा," ती म्हणाली. "लावते हं."

स्पीकरमधून ज्ञानूचा आवाज आला. तोच, खणखणीत, पण बैल चढाला लागल्यासारखा सावकाश. "लेकरा रं, शाळंची..." ज्ञानूनं तोंड उघडलं. "त..." ओठ थरथरले. ओळ पुढं निघून गेली. त्यानं मान खाली घातली. मेघनाचा हात बंद करायला माऊसवर गेला.

"ऱ्हाऊ दे," भागूबाई कुजबुजली.

ओळ संपली. टेपवरच्या झीलकऱ्यांनी ती उचलली. आणि ज्ञानूचा डावा तळवा आपसूक कानाशी गेला.

"वाट... धर... गड्या... वाट धर..."

आवाज फाटका होता, पण सुरात होता. भागूबाईनं मेघनाचं मनगट घट्ट धरलं.

"जन्मात कुणाची झील धरली न्हाय गं ह्यांनी," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही.

टेपवरचा ज्ञानू दुसऱ्या कडव्याला लागला होता. बाकावरचा ज्ञानू उठला. धडधाकट पायावर जोर देत दोन पावलं गेला आणि स्पीकरच्या जरा मागं, उजव्या अंगाला, भिंतीला टेकून उभा राहिला. तळवा कानाशी धरून तो म्होरक्याची ओळ संपायची वाट बघू लागला.